दोडक्याची हवा

त्या ग्रहाचं खरं नाव कुणालाच एका दमात म्हणता येत नसे. काही अक्षरं, बरेचसे आकडे आणि शेपटाला एक बारकं इंग्रजी अक्षर. म्हणून गडहिंग्लजच्या वरच्या पठारावरच्या वातवेध केंद्रात एक रीत पडून गेली होती. ज्या ग्रहाची हवा तपासायला घ्यायची, त्याला भाजीचं नाव द्यायचं. पडवळ झाला, कारलं झालं, घेवडा झाला. पृथ्वीबाहेर कुणीतरी श्वास घेत असावं असं माणसाला जिथं पहिल्यांदा वाटलं, त्या जागेचं नाव दोडका पडलं ते असं. त्या आठवड्यात पाळी दोडक्याची होती, एवढंच.

डॉ. सोनल शिंत्रे हिनं ती हवा पडद्यावर पाहिली. अर्धं आयुष्य ती ज्याची वाट पाहत होती ते समोर होतं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो ग्रहाचा नव्हता. नवऱ्याचा होता.

हा निशीचा तर नसेल?

कोमट दूध

समजा, तुम्ही एका बंद घरात शिरलात. माणूस कुठं दिसत नाही. हाक मारली, ओ नाही. पण ओट्यावरच्या पातेल्यात दूध आहे आणि ते कोमट आहे. बस्स, तुम्हाला कळतं. दूध आपोआप कोमट राहत नाही. कुणीतरी आत्ताच इथं होतं, किंवा अजून आहे.

ग्रहाची हवा तपासायची ती याच नजरेनं. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड त्या ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्याकडं येतो. प्रत्येक वायू आपापल्या आवडीच्या रंगाचा उजेड खातो. उजेडात कुठं कुठं दात लागलेत ते पाहिलं की कोण जेवून गेलं ते सांगता येतं.

नुसता ऑक्सिजन दिसला म्हणून भाळायचं नसतं. तापट ताऱ्याजवळच्या ग्रहावर समुद्राची वाफ उंच चढते, अतिनील किरण तिचे तुकडे करतात, हलका हायड्रोजन उडून जातो आणि ऑक्सिजन मागं उरतो. जीव औषधालाही नसतो. नुसता मिथेनही पुरत नाही, तो ज्वालामुखीच्या पोटातूनही येतो. पण ऑक्सिजन आणि मिथेन एकाच हवेत नांदत असतील तर गोष्ट वेगळी. ते दोघं एकमेकांना संपवतात. उन्हात ठेवले तर थोड्याच वर्षांत मिथेनचा मागमूस राहत नाही. तरीही दोघं आहेत, म्हणजे कुणीतरी खाली बसून दोन्ही भांडी रोज भरतंय.

दोडक्यावर दोन्ही होते. पाण्याची वाफ होती. ज्वालामुखीची चुगली करणारा कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नव्हता.

दूध कोमट होतं.

चकवा

कोकणात उतरणाऱ्या वाटेवरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, चकवा काय असतो ते सांगेल. ओळखीच्या रानात माणूस तासन् तास चालतो आणि फिरून त्याच झाडाशी येतो. चालताना मात्र त्याला पक्की खात्री असते की घर जवळ आलं.

वातवेध केंद्रातला चकवा माणसानं लावलेला असे. ज्यांना जीव शोधायचाच आहे त्यांना तो ढगातही दिसतो, हे जगभरच्या शास्त्रज्ञांनी तोंडघशी पडून शिकलेलं होतं. म्हणून नियम असा होता की एका माणसानं, फक्त एकानं, अंतराळातल्या दुर्बिणीकडून उतरणाऱ्या उजेडात अधूनमधून एखाद्या वायूची खोटी सही मिसळायची. कधी ऑक्सिजनची, कधी आणखी कशाची. मूळ प्रत संगणकाच्या कुलपात. कुलपाचा शब्द त्याच्या डोक्यात, लिहून ठेवायला बंदी. बाकीच्यांनी खरं समजून काम करायचं, भांडायचं, शंका काढायच्या. आणि शोध जाहीर करायची वेळ आली की त्यानं उठून सांगायचं, तो माझा आहे की नाही.

हे काम निशिकांत शिंत्रेकडं होतं. नवरा-बायको एकाच केंद्रात आणि नवऱ्याचं काम बायकोला फसवायचं, यावर सुरुवातीला बरेच विनोद झाले. निशिकांत म्हणायचा, "बाकीचे नवरे फुकट करतात. मला पगार आहे."

कारल्याच्या वेळी तर पेढे वाटून झाले होते. सोनलनं सादरीकरण संपवलं, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि निशिकांत मागच्या रांगेतून उठला. हातातला अर्धा पेढा आधी नीट खाल्ला. मग म्हणाला, "पेढे झकास आहेत. पण तो माझा."

सोनल त्याच्याशी बरेच दिवस बोलली नाही. मग एकदा जेवताना तिनंच विचारलं, "मिथेन इतका कमी का ठेवला होतास?"

"जास्त ठेवला असता तर तू ओळखलं असतंस. तू हावरट नाहीस ना. तुला फसवायचं म्हणजे थोडंच वाढावं लागतं."

कुणी तिचं इतकं खोल कौतुक केलं नव्हतं. ती हसली आणि भांडण मिटलं.

पूर्वी कुलपाचा शब्द आणखी एका बाईंना ठाऊक असे, बंगळुरूला. त्या निवृत्त झाल्या तेव्हा दुर्बिणीचं शीतकरण संपत आलेलं होतं. मरायला टेकलेल्या दुर्बिणीला दुसरा चकवेदार कशाला, असं बैठकीत ठरलं. कुणीच विरोध केला नाही. सोनलनंही नाही.

मार्गशीर्षात दुर्बीण थंड राहायची थांबली आणि आंधळी झाली. पुढची तिच्या तोडीची दुर्बीण दहा-बारा वर्षं तरी वर जाणार नव्हती. पौषात, अंघोळ करून टॉवेल वाळत घालताना, निशिकांतच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली.

दोडक्याचा उजेड शेवटच्या गठ्ठ्यातला होता. तो उलगडेपर्यंत होळी आली.

"निशी, दोडका तुझा आहे का?"

"हो."

"म्हणजे तू मिसळलास?"

"हो."

"की खरा आहे?"

"हो."

"भूक लागलीय?"

"हो."

"आत्ताच जेवलास ना?"

"हो."

"मी तुला छळतेय का?"

"हो," निशिकांत म्हणाला आणि गोड हसला. झटक्यानंतर त्याच्याकडं एवढा एकच शब्द आणि एवढं एकच हसू उरलं होतं.

त्याला सांभाळायला येणाऱ्या संगीताताई गुडघ्यावर तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. "मॅडम, सकाळधरनं किती येळा इचारलासा. त्येंनी हो म्हटलंय न्हवं? मग झालं की."

सोनलनं दोन वाट्या आणल्या. दोन्हीत एकेक काजू ठेवला. "ही वाटी म्हणजे दोडका तुझा. ही म्हणजे दोडका खरा. घे बरं एक."

निशिकांतनं डावीकडचा काजू खाल्ला. सोनल पुढं वाकली. मग त्यानं उजवीकडचाही खाल्ला आणि दोन्ही वाट्या एकात एक घालून तिच्याकडं परत दिल्या. शहाण्या मुलासारखा.

वाचा शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की परीक्षा घेऊ नका, गप्पा मारा. पण सोनलला आता गप्पा मारता येत नव्हत्या. ती पठारावरच्या वाऱ्याबद्दल बोलायला लागे आणि तिसऱ्या वाक्याला दोडका येई. तिचा आवाज बदले. निशिकांत तो बदल ओळखायला शिकला. तिनं खुर्ची जवळ ओढली की तो डोळे मिटून घ्यायचा.

एकदा डोळे मिटलेले असतानाच ते वाहायला लागले. तिनं पदराला हात घातला आणि लक्षात आलं की ती पदर नसलेल्या कपड्यांत आहे. मग तळव्यानंच पुसले.

टोपी

केंद्राचे संचालक परवेझ मुजावर कॉलेजपासून दोघांचे मित्र. निशिकांतबरोबर एका खोलीत राहिलेले, सोनलची चिठ्ठी त्याला नेऊन देणारे. ते कुलपाबद्दल तिला एकदाच बोलले होते: "अंदाजानं शब्द टाकायचे नाहीत, सोनल. थोड्या चुका झाल्या की ते मूळ प्रत पुसतं. आपणच केलंय तसं, शहाणपणा करून."

आता ते तिच्या टेबलासमोर येऊन बसले.

"बेळगावात एक मुलगी आहे. जुई फडतरे, मेंदूची डॉक्टर. तिच्याकडं टोपी आहे."

डोक्यावर चढवली की मेंदूतल्या लाटा टिपणारी ती टोपी सगळ्यांना ठाऊक होती. ओळखीची वस्तू डोळ्यांपुढं आली की मेंदूत एक छोटी लाट उठते. तोंड उघडायच्या कितीतरी आधी. माणूस खोटं बोलू शकतो, गप्प राहू शकतो, पण ती लाट त्याला विचारून उठत नाही. कोर्टांनी यासाठीच टोपीवर बंदी आणली होती. इस्पितळांनी मात्र ठेवली होती, ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही अशांसाठी.

"त्याला दोडक्याचा आलेख दाखवायचा," मुजावर म्हणाले. "चकवा बनवायचा म्हणजे निशी महिनाभर त्या रेषेवर बसायचा. दात न् दात कोरायचा. त्यानं बनवला असेल तर लाट उठणारच. तू घरी दाखवलेला नाहीस ना?"

"नाही. केंद्राबाहेर न्यायचा नाही म्हणून नुसतं विचारत होते."

"मग झालं तर. नाही उठली तर..." ते थांबले. "सोनल, नाही उठली तर आपण जगाला सांगणार, की आहे बाबांनो, कुणीतरी आहे."

जुई फडतरे तिशीची होती. बेळगावच्या इस्पितळातल्या आपल्या खोलीत तिनं आधी निशिकांतलाच विचारलं. "शिंत्रेकाका, ही तपासणी करायला तुमची परवानगी आहे?"

"हो."

"परवानगी नाही?"

"हो."

जुईनं सोनलकडं पाहिलं. सोनलनं सही केली. सही करताना तिला वाटलं, आपण कुणाचा तरी खिसा चाचपतोय.

"आता मला ताडून बघायला प्रमाण लागेल," जुई म्हणाली. "काही अनोळखी गोष्टी मी घालीन. ओळखीच्या तुम्ही द्या. अशा द्या की ज्यांच्याबद्दल शंकाच नको."

निशिकांतच्या आईचा फोटो दिला. तो शिकला ती गडहिंग्लजची शाळा. त्याची पहिली लाल स्कूटर. मुजावरांनी कारल्याचा आलेख दिला, त्याचाच जुना चकवा. जुई म्हणाली, आणखी एक चालेल.

"मग माझा घ्या," सोनल म्हणाली. आणि हसली. शंकाच नको म्हटल्यावर दुसरं काय देणार?

मोबाइलमध्ये लग्नातला फोटो होता. त्यात ती शेलाट्या बांध्याची, लांब केसांची. तिनं तो बाजूला सारला आणि याच वर्षीचा निवडला. आखूड पांढरे केस, चष्मा, हनुवटीखाली लोंबणारी कातडी. "हा बरोबर. रोज हाच चेहरा बघतो बिचारा."

कुणालाच त्यात काही खटकलं नाही. तिघंही आयुष्यभर मोजमापं करणारी माणसं होती आणि तिघांनाही वाटलं, हे मोजायची गरज नाही.

रेषा

आई          ______∧______
शाळा         ______∧______
अनोळखी बाई    _____________
स्कूटर        ______∧______
अनोळखी घर     _____________
कारलं        ______∧______
दोडका        _____________

"सपाट," मुजावर म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "सपाट आहे, सोनल. कारलं आठवतं आणि दोडका नाही. त्याचा नाहीच तो. त्यानं बघितलेलाच नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घालायचा विसरले. "खरा आहे."

सोनलचे पाय भुईवर नव्हते. तिला तो ग्रह दिसत होता, त्याच्या कडेची ती पातळ निळसर हवा, आणि खाली, कुठल्यातरी उथळ पाण्यात, एक बुळबुळीत हिरवा थर. डोळे नसलेला, नाव नसलेला, रोज भांडी भरणारा. बाहेर व्हरांड्यात निशिकांत संगीताताईंबरोबर नारळपाणी पीत होता. तिला पळत जाऊन त्याला सांगायचं होतं.

जुईनं पडद्यावरची पुढची रेषा अजून उघडली नव्हती.

"माझी रेषा राहिली," सोनल म्हणाली.

"मॅडम, मी ती तीनदा घेतली."

"बघू."

सोनल        _____________

दुपार

बेळगावच्या त्या इस्पितळामागं एक कँटीन होतं. मुजावर तिला तिथं घेऊन गेले. चहा आला. कुणी प्यायलं नाही.

"वगळ," मुजावर म्हणाले.

"काय?"

"तुझी रेषा. वगळू. चार प्रमाणं बरोबर आलीत, तेवढी पुष्कळ. भावनेच्या चित्रांवर टोपी कधी कधी घसरते, जुईच म्हणाली."

"कधी कधी."

"अगं, तो तुला ओळखतो. मी येतो की दर रविवारी, मला दिसतं. यंत्र चुकलं."

"चुकलं असेल तर दोडक्याच्या वेळीही चुकलं असेल."

"बरं. मग नाही चुकलं."

"नसेल चुकलं, तर तो मला विसरलाय. आणि मला विसरला तर दोडक्याला का नाही विसरणार?"

मुजावरांनी कपाळ दाबलं. "दोन्हीकडनं तूच मारतीयस मला."

"परवेझ, नीट बघ. आई कधीची? शाळा कधीची? स्कूटर? कारलंसुद्धा किती वर्षांपूर्वीचं. जे जे उठलं ते सगळं जुनं आहे. नव्यातलं आपण त्याला काय दाखवलं? दोडका आणि मी. दोडका त्यानं केला असला तर गेल्या वर्षी केला. त्या काळातलं त्याला काही आठवतं का, हे सांगणारी माझी एकच रेषा आहे. ती काढली की आपल्याला हवं तेच दिसणार."

"मग हवंय की मला," ते म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं वळून पाहिलं तसा त्यांनी आवाज खाली घेतला. "मला हवंय. आपण म्हातारे झालो. पुढची दुर्बीण वर जाईल तेव्हा आपण तिघं कुठं असू? आणि दोडका खरा असण्याचीच शक्यता जास्त आहे, हे तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

तिनं न प्यायलेला कप बाजूला सारला.

"बरं, ते सोड. दुसरं सांगतो. ती रेषा ठेवलीस तर ती जगभर जाणार. पोरं त्याच्यावर शोधनिबंध लिहिणार. 'रुग्णाची पत्नी, लाट नाही.' तू काय करणार आहेस ते घेऊन? वगळलीस तर जुई, तू आणि मी. चौथ्याला कधी कळणार नाही. घरी जा, त्याच्याशेजारी बस, जसं चाललंय तसं चालू दे. मी दोडक्यासाठी म्हणतोय. पण तुझ्यासाठीही म्हणतोय गं."

ते खरंच तिच्यासाठीही म्हणत होते. म्हणूनच अवघड होतं. एक रेषा पुसली की माणसाला आकाशात सोबत मिळत होती आणि सोनलला घरात. दोन्ही फुकट.

जुई कँटीनच्या दारात येऊन उभी राहिली. हातात सोनलचा मोबाइल. "मॅडम, हा आत राहिला होता. आणि... एक सुचवू का? यात तुमचा लग्नातला फोटो आहे, मघाशी दिसला. तो दाखवून पाहू या? जुनं शाबूत आहे त्यांचं. त्याच्यावर लाट उठेल बहुतेक."

मुजावर चटकन म्हणाले, "हां. हे बघ. त्याच्यावर उठली की झालं."

सोनलनं मोबाइल घेतला. फोटो उघडला नाही. तो उघडायची गरज नव्हती. लांब केसांची ती मुलगी तिला पाठ होती. लाट उठेल, याबद्दल तिला जवळजवळ खात्री होती. तिथंच सगळं अडत होतं. त्या मुलीला त्यानं ओळखलं, तर त्याच्या घरात रोज चहा घेऊन येणारी, खुर्ची जवळ ओढून प्रश्न विचारणारी ही पांढऱ्या केसांची बाई कोण?

"राहू दे," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एक मोजमाप नाकारलं होतं.

बैठक

जगभरातले लोक पडद्यावर होते. कुठं सकाळ, कुठं संध्याकाळ. बातमी आधीच फुटलेली होती. काहीजणांच्या मागं फुगे दिसत होते.

सोनलनं दोडक्याची हवा समजावून सांगितली. ऑक्सिजन, मिथेन, वाफ. कोमट दुधाचं उदाहरण दिलं, नेहमीसारखं. मग टोपीच्या रेषा दाखवल्या. सगळ्या.

"निर्णय देता येत नाही," ती म्हणाली. "दोडक्याच्या नावापुढं आम्ही 'अनिश्चित' असं लिहीत आहोत."

मग दूरच्या कुठल्यातरी देशातल्या एका तरुणानं, निराशेनं जवळजवळ रागावून, विचारलं की चार प्रमाणं जुळत असताना एका फसलेल्या प्रमाणासाठी एवढा शोध का सोडायचा. शेवटची रेषा आहे तरी कोणाची?

"माझी," सोनल म्हणाली. "मी त्यांची बायको आहे."

तरुणानं मान खाली घातली. फुग्यांपैकी एक, कुठल्यातरी खोलीत, हळूहळू छताकडं चढत होता.

सोनल सवयीनं मागच्या रांगेकडं बघत राहिली. तिथून कुणी उठलं नाही. मुजावर खिडकीशी उभे होते, तिच्याकडं पाठ करून. ते तिच्याशी पुढं बरेच महिने कामापुरतंच बोलले.

*

निशिकांत सकाळी घरापुढच्या बाकावर बसलेला असे. फणसाच्या झाडाखाली ऊन-सावली पडायची आणि तो तिच्याकडं बघत राहायचा. त्याच्या चेहऱ्यावर ते गोड हसू असे. आता सोनलला त्या हसण्याची दुसरी बाजूही दिसत होती. ते नम्र होतं. परक्या घरी उतरलेला भला माणूस घरच्यांकडं पाहून हसतो, तसं.

किती भीत असेल तो, तिच्या मनात आलं. रोज एक अनोळखी बाई येते, त्याला न्हाऊ घालते, त्याचे गुडघे चोळते, आणि काहीतरी विचारत राहते. आणि तो सगळ्याला हो म्हणतो.

ती चहा घेऊन गेली. खुर्ची ओढली नाही. उभीच राहिली, थोडं अंतर ठेवून. नवऱ्याला आपलं नाव सांगायची वेळ कुणावर येत नाही, त्यामुळे ते कसं सांगायचं हे तिला ठाऊक नव्हतं. कपबशी बाकाच्या कडेवर ठेवली आणि हात जोडले.

"नमस्कार," ती म्हणाली. "तुम्हाला आता काही विचारणार नाही. मी इथंच राहते. माझं नाव सोनल."

निशिकांतनं जोडलेल्या हातांकडं पाहिलं. मग ते नाव त्याच्यापर्यंत पोचलं. त्याचा चेहरा असा उजळला की झटक्यानंतर तिनं तो तसा कधी पाहिला नव्हता. ते हसू वेगळं होतं, जुनं होतं, आख्ख्या तोंडभर होतं. तो घाईनं सावरून बसला. चांगल्या हातानं शर्टाची कॉलर नीट केली. आणि तिच्या खांद्यावरून मान लांबवून फाटकाकडं बघू लागला.

सोनलनंही वळून पाहिलं.

मग ती त्याच्याशेजारी बसली. त्यानं सरकून तिला जागा करून दिली, नजर मात्र वाटेवरून काढली नाही. तिनं चहा बशीत ओतला, फुंकर घालून निववला आणि त्याच्या हातात दिला. संगीताताई येईपर्यंत दोघंही लांब केसांच्या त्या मुलीची वाट बघत बसले होते.